जावयावर पडला चरका

थंडीने माणसाला काय काय होतं, यावर मी तासभर बोलू शकतो. धुळ्यात आरोग्य खात्यात आहे, गावोगावी हेच सांगत फिरतो. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, झटकाही येऊ शकतो. (लोक ऐकतात. निदान चहा येईपर्यंत!)

त्या जानेवारीत सासुरवाडीला गेलो, रावेरकडे. सासरे, म्हणजे आबा, सत्तरी ओलांडलेले, रक्तदाबाची गोळी चालू. तरी पहाटे बागेत निघालेले! थंडीने केळीवर चरका पडतो, पानं करपतात. म्हणून बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा, बागेला पाणी सोडायचं.

"आबा, या थंडीत बाहेर पडलात तर जिवावर बेतेल!"

"मंग केळीले कोण पाहीन? तुम्ही?"

"हो, मीच!"

बायको म्हणाली, "कानटोपी तरी घाला."

"धुळ्याच्या थंडीत वाढलोय मी!" असं म्हणून अर्ध्या स्वेटरवर निघालो.

बागेत पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला, तर पाण्याची चिळकांडी थेट माझ्याच अंगावर! ओलाचिंब होऊन कचरा पेटवायला बसलो. बोटं इतकी बधिर की काडेपेटी धरवेना. नऊ काड्या मोडल्या, दहावी पँटवर पडून विझली. अंग लटलट कापायला लागलं. मग कापणं थांबलं. म्हटलं, चला, सवय झाली! (कापणं थांबलं की माणूस धोक्यात, हे मीच सगळ्यांना बजावतो.)

धूर दिसेना म्हणून आबाच आले.

"जावईबापू, काय झालं हो?"

"बब... बबब..."

"अरे देवा! केळी राहू द्या, जावयावरच चरका पडला!"

त्यांनी माझे ओले कपडे उतरवले, स्वतःची घोंगडी मला गुंडाळली आणि कानटोपी नव्हती म्हणून डोक्यावर केळीच्या घडाला घालतात ती पिशवी चढवली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवा घालून गावातून दवाखान्यात! चौकातून कोणीतरी ओरडलं, "आबा, लय मोठा घड कापला हो!"

डॉक्टरांनी मला तपासलं. आपण कुठल्या खात्यात आहोत, हे सांगायची छाती झाली नाही. मग ते आबांना म्हणाले, "आठवडाभर यांना पहाटे बाहेर सोडू नका. जवळ बसून राहा."

धुराचं काम शेजाऱ्यांनी केलं. आणि आबा? सातही पहाटे घरातच, माझ्या खाटेजवळ! मी जरा कूस बदलली की दटावायचे, "कुठी चालले? झोपा!"

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्यामुळे पहाटेच्या थंडीत घराबाहेर न पडलेला हा पहिलाच माणूस. तोही मला राखत बसलेला!