शून्यातून न निघालेली रेघ

गेल्या वर्षी बारावीच्या प्रात्यक्षिकाला बाहेरचा परीक्षक म्हणून मी सांगलीहून माण तालुक्यातल्या एका कॉलेजात गेलो. सांगलीत मी साधा फिजिक्सचा मास्तर. तिथं फळ्यावर ‘गाढे अभ्यासक’ झालो. शाल, नारळ, आणि दुपारी मटण असल्याची आगाऊ सूचना.

प्रयोग सोपा. तारेचं व्होल्टेज वाढवत न्यायचं, दर वेळी किती करंट वाहतो ते मीटरवर वाचायचं, दोन्हींचा आलेख काढायचा आणि रेघेच्या चढावरून तारेचा रोध काढायचा. सगळ्यांच्या रेघा शून्यातून निघालेल्या, एकही ठिपका रेघेबाहेर नाही. रेघ आधी मारायची आणि रीडिंग तिच्यावरून उतरवायची, ही पद्धत मला ठाऊक आहे. विद्यार्थी असताना मीही तेच केलं. तरी पंधरापैकी चौदा देत गेलो.

एका मुलीची रेघ मात्र शून्याच्या जरा वरून निघाली होती. ठिपकेही थोडे इकडंतिकडं.

“व्होल्टेज शून्य असताना करंट कुठनं आला? घरनं आणलास?”

पोरं हसली. सांगलीत माझ्या विनोदांना इतकं कोणी हसत नाही.

“काटा जितं थांबला, तेवडंच लिवलंय, सर.”

“पुढं काय करणार?”

“फिजिक्सच घ्यायचं हाय. सांगलीला.”

मी सहा दिले.

पोरं गेल्यावर तिथल्या सरांनी गुणांचं पाकीट चिकटवायला घेतलं. मी सहज तिच्या टेबलापाशी गेलो. वायरी सोडवून ठेवल्या होत्या, तरी करंटच्या मीटरचा काटा शून्याच्या एक घर पुढं उभा होता. म्हणजे तिचं प्रत्येक रीडिंग एका घरानं जास्त. अख्खी रेघ तेवढी वर सरकलेली. चढ तोच, रोध बरोबर. आलेख काढतात तो याचसाठी, हे मी दर वर्षी वर्गात सांगतो.

“सर, ते पाकीट...” मी म्हणालो.

“काय वो?”

शाल अजून माझ्या खांद्यावर होती.

“काही नाही.”

“मग चला, रस्सा गार हुतोय.”

रस्सा चांगला होता. दोनदा घेतला.

एसटी स्टँडवर ती मुलगी पुढं आली. “सर, माझं काय चुकलं?”

“काटा नीट बघत जा,” मी म्हणालो.

“बघितला हुता, सर.”