म्हस्कूची हाळी

धान्य वर चढवायच्या एलिव्हेटरच्या बुडाला खड्डा असतो. वर जाता जाता जो दाणा सांडतो, तो तिथं साठतो. वेळच्या वेळी उपसला नाही तर पट्टा जाम! माझ्या डोक्यात किस्से तसेच साठलेत. आज घमेलंभर उपसतो. कुणाला स्वतःचं नाव सापडलं तर त्यानं घरी येऊन भांडावं. मी घरीच असतो आणि मला भांडायला आवडतं.

आमचं काम आधीच सांगतो, नाहीतर मध्येच विचाराल. धान्याच्या गोदामात, कोंबडीखाद्याच्या कारखान्यात माल वर चढवायचे एलिव्हेटर आणि पुढं न्यायचे पट्टे बसवायचे, बिघडले तर चालू करायचे. ह्याला मिलराइट म्हणतात. मी चौथी नापास, मला हे एका साहेबानं सांगितलं.

*

शिरूरला शेड घेतली तेव्हा पाटी रंगवायला दिली. पेंटर म्हणाला, "मिलराइट म्हंजी काय?"

मी वैतागलो. "मिल बिघडली की राइट करायची. दुसरं काय!"

गड्यानं पाटी आणून टांगली, 'बिघडलेली मिल राइट करून मिळेल.'

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी डबा घेऊन दारात. "ज्वारी हाय. बारीक दळा."

"आजी, हितं गिरणी न्हाई."

"नातवानं पाटी वाचलीया. बिघडलीय न्हवं? मग राइट करा की! बसते मी."

दुपारपर्यंत बसली!

*

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. न्हावऱ्याच्या पुढं, चौफुल्याच्या रस्त्याला एका शेठनं कोंबडीखाद्याचा प्लांट काढला. उभारणी आम्हाला दिली आणि वर अट घातली.

"माझ्या डोळ्यांदेखत अर्धा तास न थांबता चालवून दाखवा. चालला तर देखभालीचं काम कायमचं तुमचं. थांबला तर पुण्याची पार्टी तयार आहे."

आम्ही चौघं. सदामामा फिटर, रामधारी बिहारचा वेल्डर, म्हस्कू जड माल वर चढवणारा, आणि मी आप्पा. सगळे गावोगाव हिंडून, खानावळीची पातळ आमटी पिऊन विटलेले. इथं काम लागलं तर रोज रात्री घरची भाकरी! त्या अर्ध्या तासावर सगळा जीव टांगलेला.

आमच्यावर नजर ठेवायला शेठनं इंजिनिअर आणली. जाधव मॅडम, वय पंचवीस. मी पहिल्याच दिवशी कपाळाला आठ्या घातल्या. तिनं त्या मोजल्या असणार, कारण ती सगळंच मोजायची.

*

आमची मापं दोनच. इंचाचे आठ सूत, आणि सुताच्या खाली केस. मोटरची जुळणी चालली होती. मी ओरडलो, "मामा, एक केस इकडं घ्या!"

मॅडम म्हणाल्या, "आप्पा, एक केस म्हणजे किती मिलिमीटर?"

"कुणाचा केस, त्यावर हाय!"

सदामामांनी टोपी काढली. डोकं तुळतुळीत. "मॅडम, माझा धरू नका. माझं माप शून्य!"

आम्ही लोळायचेच बाकी होतो. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वेणीतला एक केस ओढला, मायक्रोमीटरमध्ये धरला आणि वहीत लिहिलं.

"सात शतांश. आजपासून ह्या साइटवर केस माझा. दुसऱ्या कुणाचा चालणार नाही."

त्या दिवशी माझी एक आठी उतरली.

*

पहिला पट्टा चालू करायचा होता. मॅडम म्हणाल्या, "आधी मोटर कुठल्या बाजूला फिरते ते बघू." मी म्हणालो, "आधी नारळ. शास्त्र हाय." नारळ फोडला, एक भकल पट्ट्यावर ठेवलं, हात जोडले आणि बटण दाबायला सांगितलं.

वायरी उलट्या जोडलेल्या. पट्टा उलटा धावला आणि भकल सुसाट येऊन माझ्या नडगीवर बसलं!

सदामामा म्हणाले, "आप्पा, देवानं प्रसाद परत पाठवला. पत्ता चुकलाय!"

*

म्हस्कूच्या बापापर्यंत घरात मेंढरं होती. आता शेती. पण गळ्यातली हाळी काही गेली नाही. क्रेनवाल्याला हात करणार नाही, शिट्टी मारणार नाही. 'हुर्रर्र' म्हंजी चल, 'थिर्रर्र' म्हंजी थांब. साठ फुटांवरून खणखणीत ऐकू यायचं. रामधारीला मराठी ओ की ठो येत नव्हती, पण ही दोन अक्षरं पक्की.

एकदा शिक्रापूरला आमची एसटी सुटली. रामधारी मागं धावला आणि बोंबलला, "थिर्रर्र!"

एसटी थांबली! ड्रायव्हरनं खिडकीतून मुंडकं काढलं. "म्हस्कूचं मानूस का रं तू?"

म्हस्कूचा चुलतभाऊ निघाला!

*

आता अर्ध्या तासाचं सांगतो.

शेठ खुर्ची टाकून, घड्याळ काढून बसले. रामधारी खाली बटणापाशी. म्हस्कू वर, एलिव्हेटरच्या डोक्यावर, पट्टा सरळ चालतो का बघायला. त्यानं हाळी दिली, "हुर्रर्र!" रामधारीनं हिरवं बटण दाबलं. मका वर चढायला लागला.

पण रस्त्यानं नेमकी मेंढरं चालली होती, भीमेच्या अंगाला चरायला निघालेली. त्यांनीही 'हुर्रर्र' ऐकलं. सगळा कळप वळला आणि फाटकातून थेट मक्याच्या ढिगावर!

वरून म्हस्कूनं पाहिलं. सवयीनं ओरडला, "थिर्रर्र!"

मेंढरं थांबली, ढिगावरच. आणि रामधारीनं लाल बटण दाबलं.

शेठ उठले. "थांबला!"

"शेठ, प्लांट न्हाई थांबला," मी म्हणालो, "मानूस थांबला!"

मॅडम मध्ये पडल्या. "आप्पांचं बरोबर आहे. घड्याळ पहिल्यापासून लावू. एकदाच."

पण करायचं काय? मेंढरं बाहेर काढायची तर 'हुर्रर्र' आणि 'थिर्रर्र' दोन्ही लागणार, चालवत, थांबवत, वळवत. पण 'थिर्रर्र' म्हटलं की रामधारीचं बोट लाल बटणावर! आणि म्हस्कूला तिसरी हाळी येत नव्हती!

मॅडमनी हात पुसायच्या सुताचे दोन बोळे केले आणि रामधारीच्या दोन्ही कानांत कोंबले. हिरवं बटण स्वतः दाबलं आणि वर बघून ओरडल्या, "म्हस्कू, आता काय ओरडायचं ते ओरड!"

म्हस्कूनं गळा मोकळा केला. मेंढरं खाली मान घालून निघाली, फाटकाबाहेर, रस्त्याला, कडेचं गवत खात रेंगाळत. मेंढक्यानं जाता जाता विचारलं, "वर कोन हाय? आवाज घरचा वाटतोय."

पट्टा चालला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मी देवाचं नाव घेत होतो, सदामामा टोपी पिळत होते. तीस मिनिटं झाली. शेठनी घड्याळ खिशात टाकलं.

"पास! काम तुमचं. बंद करा आता."

रामधारी पट्ट्याकडं बघत मस्त उभा. कानांत बोळे. शेठ ओरडले, मी ओरडलो, त्याला गंध नाही. शेवटी मी सवयीनं वर म्हस्कूला हात केला. म्हस्कूनं उभ्या आयुष्यात दिली नसेल अशी हाळी दिली.

"थिर्रर्रर्रर्र!"

रामधारी हलला नाही.

थोड्या वेळानं फाटकाशी एक ट्रकवाला आला. त्याच्या मागं रस्त्यावर मेंढरं आडवी उभी आणि हॉर्नांचा नुसता कल्ला चालला होता. टॉवेलनं तोंड पुसत तो म्हणाला, "मालक, तुमच्या त्या वरच्याला सांगा की, आमाला जाऊ दे म्हनावं!"