मुळांची आकृती

चिखलाइतकी स्वच्छ जागा पृथ्वीवर दुसरी नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला भेटला : नव्वदच्या दशकात सुरतेत आम्हाला जीवशास्त्र शिकवणारे सर. मूळचे धुळ्याकडचे, राहायला आमच्याच डिंडोलीत. मनगटावर घड्याळ असे, पण चालत ते भरती-ओहोटीच्या वेळांवर. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नात अक्षता पडायच्या आत उठून ते ओहोटी गाठायला हजीऱ्याच्या किनाऱ्यावर गेले होते. सरांच्या पत्नी त्यावर अख्खा पावसाळा त्यांच्याशी बोलल्या नाहीत म्हणे. खेकड्यांशी मात्र सर अहिराणीत बोलत. "गुजरातीत बोलून पाहिलं, बिळात पळतात," हे आम्हाला गंभीरपणे सांगत.

अशा माणसाबरोबर आम्हा सहा विद्यार्थ्यांना मलेशियाच्या खारफुटीत अभ्यासाला पाठवायचं विद्यापीठानं ठरवलं. माझे वडील कापडाच्या लूमवर कामाला. त्यांनी मान हलवली, पण आई काही केल्या तयार होईना. सर घरी आले. आईनं विचारलं, "चिखल देखाले इतलं दूर कसाले? हजीराले काय कमी शे?"

"माय, तठे न्यारा झाडे शेतस," सर म्हणाले. "तुनी पोरले मी जपसू."

आईनं चहा टाकला, आणि मी विमानात बसले.

जपायची वेळ आली ती आमच्यावर. तिसऱ्या दिवशी एका खेकड्यामागे जाता जाता सर कमरेपर्यंत रुतले. भरती चढायला लागली होती. आम्ही ओरडतोय, नाववाला म्हातारा फळी घेऊन धावतोय, मला तर रडू फुटलं. आणि सर मान वर करून झाडाकडे टक लावून बघताहेत.

"सर, हात द्या!"

"थांब गं. ही मुळं फांदीवरून खाली आलीत!"

पाणी छातीला लागलं तेव्हा कुठे त्यांनी फळी धरली. किनाऱ्यावर आणल्यावर त्यांनी चिखलाच्या बोटानं फळीवर ती मुळं काढली. मग म्हणाले, "अठरा वर्षं मी हे झाड पुस्तकातल्या चित्रावरून शिकवलं. सगळी मुळं खोडातूनच काढायला लावली. कधी पाहिलंच नव्हतं ना."

दुसरा कोणी ते तिथेच विसरला असता. सरांनी सुरतेला परतल्यावर जुनी हजेरीपत्रकं काढली आणि सापडेल त्या पत्त्यावर प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याला कार्ड टाकलं : 'तुम्हाला मुळांची आकृती चुकीची शिकवली गेली. क्षमस्व. सोबतच्या चित्राप्रमाणे दुरुस्त करावी.' तोवर कोणी बँकेत चिकटलं होतं, कोणी साड्यांच्या दुकानात, कोणी दोन लेकरांची आई झाली होती. वही कुणाकडे असणार? स्टाफरूममध्ये हसाहस झाली. सर रोज टपालाची वाट बघत राहिले.

एकच उत्तर आलं, सुरतेजवळच्या चलथाणहून. एका विद्यार्थ्याच्या वडिलांचं. 'मुलगा तीन वर्षांपूर्वी वारला. वही आम्ही ठेवली आहे. त्याच्या धाकट्या बहिणीनं फांदीवरची मुळं काढली. आता बरोबर आहे.'

सरांनी ते कार्ड वर्गात एकदाच वाचलं. मग खडू खाली ठेवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. तास संपल्याची घंटा झाली, तरी आमच्यापैकी कोणी उठलं नाही.