जाळीची वायर

रिसोडच्या सादिकचा भोंगा गुणगुणतो, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं, आणि सगळ्यांच्या आधी सादिकला. केनवडच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली की भटजींच्या आवाजामागं कायम एक घूं घूं चालू असायची. कुणी टोकलं तर हा हसून म्हणायचा, "लग्नात कोन आइकते भाऊ? गाजलं म्हंजे झालं!" माईकपासून मशीनपर्यंत तो दिव्याची साधी, पिळाची वायर ओढायचा. आवाजासाठी वेगळी वायर मिळते हे त्याला माहीत होतं, पण गिऱ्हाईक गोंगाटावरच खूश असताना ती आणायची कशाला?

असा हा माणूस चौऱ्याहत्तर सालच्या चौमाशात एका वायरीपायी अकोल्याला गेला. कारण जतनबाई.

जतनबाई म्हणजे कापडवाल्या लखमीचंदांची विधवा. सादिकची आई जुबेदा वारली तेव्हा तो लहान होता, आणि त्याला जतनबाईंनीच जेवू घातलं. वेगळ्या ताटात, पण पोटभर. घरातला बंद पडलेला रेडिओ "घे, खोलून पाह्य" म्हणून त्यांनीच त्याच्या हाती दिला, तिथून त्याचा धंदा सुरू झाला. सादिक त्यांना काकी म्हणायचा आणि मनातून आईच मानायचा.

त्या वर्षी काकी न्हाणीत घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी बजावलं, खाटेवरून हलवायचं नाही. घरामागच्या बोळीपलीकडेच जैनांचं स्थानक होतं, आणि तिथं चौमाशासाठी, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, उतरलेले महाराज रोज सकाळी प्रवचन देत. लग्न होऊन आल्यापासून काकींनी चौमाशातलं प्रवचन चुकवलं नव्हतं. आता त्या खिडकीकडे तोंड करून पडायच्या, कान लावायच्या, आणि काहीच ऐकू येईना म्हणून रडायच्या. त्यांचा मुलगा फूलचंद याला ते बघवेना. तो सादिककडे आला.

"पन महाराज माईक घेत नाईत ना?" सादिकनं विचारलं. विजेतही जीव असतात, म्हणून त्यांच्या पंथाचे साधू माईकला शिवत नाहीत, हे गावातलं पोरही जाणत होतं.

"स्थानकात लाइट कुठी येते? तिथं नुसती तार. लाइट माह्या घरी. पाप लागलं तं मले लागन."

"आन काकीले?"

"बाईले सांगायचंच नाई."

कापडवाल्यानं पापही गजानं मोजलं आणि आपल्या वाट्याचं फाडून घेतलं! सादिकलाही ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं.

झाडलोटीच्या वेळी फूलचंदनं महाराजांच्या लाकडी पाटाखाली माईक दडवला. वायर बोळीवरून घरात आली. मशीन कोठीत, आणि लहानसा स्पीकर काकींच्या खिडकीत, पडद्याआड. वाऱ्यानं आवाज आला असंच त्यांना वाटावं. पण साधी वायर लावून पाहिली तर तीच ती घूं. बोळीतून दिव्याच्या तारा गेलेल्या, त्यांचा गोंगाट वायर उचलत होती. काकींनी क्षणात ओळखलं असतं.

म्हणून अकोला. तिथून सादिकनं जाळीची वायर आणली. आतल्या तारेभोवती तांब्याची बारीक जाळी विणलेली असते. बाहेरची घरघर जाळी आपल्या अंगावर घेते, आतला आवाज निर्मळ राहतो. जाळी त्यानं मशीनच्या अंगाला जोडली, काकींना कळू नये म्हणून स्पीकर आधी कोठीतच ठेवला, त्याच्यापाशी बायकोला, सरवरीला बसवलं आणि मशीन चालू केलं.

"मले तं काहीच आइकू येऊन नाई राह्यलं," ती म्हणाली.

"हेच पाह्यजे!" सादिक उडालाच. उभ्या जन्मात तो शांततेवर पहिल्यांदा खूश झाला होता.

दुसऱ्या दिवशी आवाज आला. शब्द तर आलेच, दोन शब्दांमधला विसावाही आला. काकींनी पडल्या पडल्या हात जोडले. दाराच्या फटीतून ते पाहताना सादिकला रडू आवरेना.

पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती. काही दिवसांनी महाराज भिक्षेला आले आणि काकींपाशी क्षणभर थांबले. सादिक दारातच होता. काकी म्हणाल्या, "गुरुदेव, मी इथं पडल्या पडल्या तुमाले आइकून राह्यली. तुमचा श्वास बी आइकू येते. तुमी तं मोठ्यानं बोलत नाई. तुमची वाणीच भिताडातून माह्यापाशी येते."

वाऱ्याचं श्रेय काकींनी थेट चमत्काराला देऊन टाकलं होतं! महाराजांची नजर पडद्यावर गेली, वायरीवर गेली, मग सादिकवर आली. तिच्यात राग नव्हता, आणि त्यानंच तो जास्त हादरला. महाराज रिकाम्या पात्रानं परतले.

दुसऱ्या सकाळी फूलचंद पांढराफटक होऊन धावत आला. "महाराजांनी तेला घेतला. तीन दिवस अन्न नाई, आन मौन. म्हने वाणी माही होती, जीव तिच्यापायीच गेले."

"चूक आपली आन उपाशी ते?" सादिकला कळेचना. शिव्यांची, चपलेची तयारी त्यानं केली होती. याची नव्हती.

आणि इकडे काकींनी ताट सरकवलं. वाणी बंद झाली, म्हणजे आपल्याच हातून काही पाप घडलं. त्यांनीही तेला घेतला. डॉक्टर म्हणाले, या तब्येतीत हे झेपायचं नाही. दुसऱ्या दिवशी काकींचे ओठ सुकले, डोळे आत गेले. फूलचंद नुसता भिंतीला टेकून उभा. "तूच सांग," तो म्हणाला, "माह्यानं नाई होत."

सादिकनं पडदा सारला, स्पीकर आणि वायरीचं वेटोळं खाटेच्या पायथ्याशी ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं.

"लाइटवर?" काकींनी वायरीपासून पाय आखडायचा प्रयत्न केला, पण मोडका पाय हलेना.

"हो काकी."

वेटोळ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "साऱ्या दुनियेच्या लग्नात तुहा भोंगा गुणगुणते. माह्याच घरी काहून नाई गुणगुणला रे? गुणगुणला असता तं मी त्याच घडीले बंद करा म्हनलं असतं."

तुमच्यासाठीच चांगली वायर आणली, हे सादिकच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

"मले वाटलं," काकी भिंतीकडे वळल्या, "मी तेवढ्या लायकीची झाली."

काकी त्यातून वाचल्या, पुढं काठी टेकत स्थानकात जाऊही लागल्या. सादिकशी बोलायच्या, जेवलास का म्हणून विचारायच्या, पण प्रवचनाचं नाव त्याच्यासमोर पुन्हा कधी निघालं नाही. जाळीची वायर दुकानात खिळ्याला टांगलेली राहिली. आवाज साफ पाहिजे म्हणून एखादं गिऱ्हाईक ती मागायचं, तेव्हा सादिक पिळाचीच वायर खांद्यावर टाकायचा. "गुणगुणू द्या," म्हणायचा, "मशीन हाय, हे आइकनाऱ्याले समजलं पाह्यजे."