ड्रॅगनमागे आलेला बैल

माझी सून सिंगापूरची, चिनी घरातली. पोरगा तिकडे नोकरीला गेला तो लग्न करूनच परतला. सोनपेठजवळच्या आमच्या गावात ती जीपमधून उतरली, तेव्हा बघायला एवढी माणसं लोटली की गोदावरी दोन घटका वाहायची थांबली. मी थापा मारतो असं घरात म्हणतात. नदीला विचारा.

सुनेला इथलं सगळं मानवलं. ज्वारीची भाकरी, ठेचा, माझं घोरणंसुद्धा. सलत होती ती एकच गोष्ट. लग्न पसंत नव्हतं म्हणून तिची आई वर्षभर तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. चिनी वर्ष सरतं त्या संध्याकाळी त्यांच्यात अख्खं घर एकत्र जेवतं. यंदा सुनेच्या बहिणीनं निरोप धाडला, त्या वेळी आई फोनवर येईल. नुसती बघेल, बोलेलच असं नाही.

"मामंजी," सून म्हणाली, "आईला दिसाय पायजे, मी हितं परकी न्हाई."

"दिसंल की! तुमची बाराच्या बारा जनावरं अंगणात उभी करतो."

त्यांच्यात दर वर्षाला एक जनावर असतं, आणि ज्या वर्षी माणूस जन्मला ते त्याचं. आमच्या भावकीला हे लगेच पटलं. ज्याच्या त्याच्यातलं जनावर सगळ्यांना आधीपासूनच ठाऊक होतं. पोत्याचा उंदीर झाला, कापसाच्या कानांचा ससा, मोटारीच्या जुन्या पाइपाचा साप. बैल मात्र पुठ्ठ्याचा केला, कारण गोठ्यातला खरा म्हातारा झालेला. कुठं तरास द्या. डुक्कर व्हायला कुणी तयार होईना. रानडुकरांनी हरभरा उधळलेला, गावाचा राग ताजा.

"तुमीच व्हा," बायको म्हणाली. "लय सामान बी लागणार न्हाई."

झालो.

ड्रॅगन मात्र जंगी. पोळ्याच्या सगळ्या झुली माळ्यावरून काढून एकीला एक शिवल्या, डोक्याला बेगड, गळ्यात आमच्या बैलाची घुंगरमाळ. लांबी एवढी की तोंड आमच्या दारात आणि शेपूट पाथरीच्या स्टँडवर एसटीला आडवं.

ती संध्याकाळ अजून डोळ्यांत आहे. करडईच्या पिवळ्या फुलांवरून ऊन उतरत होतं. दिवाळीचे आकाशकंदील लाल कागद लावून टांगलेले. त्यांच्या उजेडात भिंती, माणसं, धूळ, सगळं कुंकवात भिजल्यासारखं. ड्रॅगन तरंगत वळला, घुंगरं हळूच वाजली, आणि क्षणभर मला कळेना मी कुठल्या देशात डुक्कर होऊन उभा आहे.

पोरानं फोन धरलेला. पडद्यावर सुनेची आई. चेहरा दगडाचा. उंदीर नाचला, साप वळवळला. बाईची पापणी हलेना. सुनेचं हसू ओठांवरच वाळत चाललं.

एवढ्यात गोठ्याकडून दावं तुटल्याचा आवाज आला.

चूक आमचीच. त्यांचं वर्ष अमावस्येला सरतं, आणि पोळाही अमावस्येचाच. आपली घुंगरमाळ ऐकून, आपली झूल बघून म्हाताऱ्याला वाटलं, पोळा निघाला आणि मलाच विसरले. तो आला. धावत नाही, झोपेत चालावं तसा, लाल धुळीतून, ड्रॅगनच्या मागोमाग. पुठ्ठ्याचा बैल आपणहून बाजूला झाला. म्हातारा दर पोळ्याला थांबतो तसा दाराशी येऊन थांबला. आता ओवाळा.

सगळे थिजले. सून तेवढी हलली. एकच पोळा पाहिलेली पोर ती! पदर डोक्यावर घेतला, तांब्याभर पाणी त्याच्या खुरांवर घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं आणि सणासाठी केलेल्या पुरणपोळीतली एक हातानं भरवली. ती चावताना बैलानं डोळे मिटले. अंगणात फक्त त्याच्या चघळण्याचा आवाज.

मग फोनमधून ठसक्यात काहीतरी आलं. सून तशीच उभी, गाल ओले.

"काय म्हणली गं?" बायकोनं विचारलं.

"आई बैलाच्या वर्षातली हाय," सून डोळे पुसत म्हणाली. "रागावली. म्हणते, एवढ्या मोठ्या जिवाला एकच पोळी? हेच शिकवलं का मी तुला?"

बायको लगबगीनं आत गेली आणि अख्खी दुरडीच घेऊन आली. बैलानं त्या संध्याकाळी एकशे बावीस पोळ्या खाल्ल्या. पडद्यावरची बाई एकेक मोजायला सांगत होती, म्हणून आकडा पक्का आहे.