आल्टोच्या बाकावरची झिला

झिला ऑर्मरॉड सोळा वर्षं माझ्या उजव्या हाताला बसली. गिरणीत तिचे चार माग आणि माझे चार माग शेजारी-शेजारी होते, आणि चॅपेलमध्ये आम्हा आल्टोंच्या, म्हणजे बायकांमधल्या खालच्या आवाजांच्या बाकावर ती भिंतीकडे आणि तिला लागून मी. आठवड्याचे सातही दिवस तिचं कोपर माझ्या बरगडीत. नवऱ्यापेक्षा मला तिचाच सहवास जास्त घडला, आणि नवऱ्याची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

लहानखुरी, तांबूस नाकाची, एकसष्ट वर्षांची विधवा. शनिवारी दाराची पायरी दगडाने घासून पांढरी करायची आणि सोमवारपर्यंत पोस्टमनलाही तिच्यावर पाय ठेवू द्यायची नाही. जीभ तिखट. वरच्या पट्टीत गाणाऱ्या बर्था नटॉलला एकदा सगळ्यांदेखत म्हणाली होती, "बर्था, तू सूर लावतेस की त्याला शोधायला निघतेस?"

मागखात्यात सहाशे माग एकदम चालतात. तिथे आवाज काढून बोलणं हा वेडेपणा. शब्द नुसते ओठांनी घडवायचे, तोंड चांगलं मोठं करून. कुणाचं लग्न मोडलं ते आम्ही खात्याच्या या टोकावरून त्या टोकाला सांगायचो. पन्नाशीला आलेली विणकर बाई थोडी बहिरी होतेच, केस पिकतात तशी. ते आमच्या लँकशायरमध्ये कुणी मनावर घेत नाही. झिलाही थोडी बहिरी आहे असं सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

गुड फ्रायडेला आमच्या चॅपेलमध्ये ख्रिस्ताच्या मरणाचं मोठं गायन होतं. हातमागाच्या काळात आमचे पणजोबा व्हायोलिनं पाठीला बांधून डोंगरापलीकडून गायला यायचे, तेव्हापासूनचं. त्या दिवशी खिडक्यांच्या कट्ट्यांवरही माणसं बसतात. गायनाच्या मधोमध नऊ पानं अशी आहेत की तिथे ऑर्गन थांबतो. ऐंशी माणसं नुसत्या गळ्याने गातात आणि नवव्या पानाअखेर ऑर्गन पुन्हा येतो. त्या नऊ पानांत आमचा सूर उतरायचा. दर वर्षी, अर्ध्या सुराने, कधी त्याहून जास्त. ऑर्गन आला की अशी टक्कर व्हायची की दात आंबावेत. गंमत म्हणजे गावाला वाटायचं, ते तसंच लिहिलेलं आहे. ख्रिस्ताने प्राण सोडला, तिथे माणसाला धक्का नको का बसायला? त्या क्षणी म्हाताऱ्या डोळे मिटून कळवळायच्या आणि घरी जाताना म्हणायच्या, यंदा धक्का चांगला होता.

जुने गायनमास्तर वारले आणि मँचेस्टरहून मिस्टर सिडल आले. तिशीचे, पातळ केसांचे. पहिल्याच तालमीत ती टक्कर ऐकून त्यांनी कान झाकले.

"हे काय होतं?"

"तो धक्का, सर," बर्था म्हणाली.

 पुढच्या तालमीला सिडल बाकांमधून फिरत ऐकू लागले आणि आमच्यापाशी थांबले. "आल्टोत कुणीतरी चढतंय. सगळ्यांचं एक आणि एकीचं भलतंच." मग दोघीदोघींना गायला लावलं, तरी चोर सापडेना. तेव्हा त्यांनी सांगितलं, गुरुवारी प्रत्येकीने मागच्या खोलीत एकटीने यायचं. ते पायपेटीवर सूर देणार, आम्ही तो गाऊन दाखवायचा. जिला जमणार नाही तिने यंदा खाली श्रोत्यांत बसायचं.

तालमीनंतर मी झिलाकडे गेले. तिच्या स्वयंपाकघरात तिने चरबी लावलेल्या पावाचे दोन तुकडे केले आणि माझा माझ्यापुढे सरकवला.

"पायपेटी भिंतीला लागून आहे ना? म्हणजे त्या सिडलची पाठ माझ्याकडे."

"मग?"

"मग काय? त्याचं तोंड दिसणार नाही. पेटी मला ऐकू येत नाही, ॲनिस. तुझं गाणंही येत नाही. नऊ वर्षं झाली."

माझा घास तोंडातच राहिला. नऊ वर्षं मी त्या बाईच्या सुराला धरून गात होते.

"मग गातेस कशी गं?"

तिने माझा हात उचलून आपल्या गळ्याखाली, हाडावर ठेवला आणि एक खालचा सूर धरला. हाताखाली मांजर गुरगुरावं तसं झालं. "हा डो, पहिला सूर. हा इथे बसतो. सात वर्षांची असताना संडे स्कूलमध्ये हाताच्या खुणा करून डो-रे-मी शिकवलं होतं, तेव्हापासून इथेच बसतो. बाकीचे पायऱ्यांसारखे. अंधारात आपल्या घरचा जिना चुकतो का कधी? ऑर्गनच्या मोठ्या नळ्या तळव्यांतून कळतात. कधी सुरू करायचं ते मास्तरच्या हातावरून."

"मी दाराच्या फटीत उभी राहते. तो जो सूर देईल त्याची खूण करून दाखवते."

"देवाच्या घरात नक्कल करू? आणि तीही तुझी?" ती हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला. "खाली बसायला माझी ना नाही. पण खाली बसून मला काय ऐकू येणार? तोंडं हलताना दिसतील, मागखात्यात दिसतात तशी. मी त्यात असले तरच मला गाणं आहे. नाहीतर नाही."

गुरुवारी तिच्यामागे माझी पाळी होती, म्हणून मी दाराबाहेर बाकावर बसले होते. आतून पेटीचा सूर आला. मग शांतता. पुन्हा तोच सूर, पुन्हा शांतता. मग झिलाचा आवाज, बहिऱ्या माणसाचा असतो तसा गरजेपेक्षा मोठा: "मिस्टर सिडल, तुम्ही वाजवताय की थांबलाय?"

स्टूल करकरलं. ते तिच्याकडे वळले असावेत.

"तुम्हाला ऐकू येत नाही?"

"नाही. डो कुठला ते तोंडाने सांगा आणि नऊ पानांतलं कुठलंही पान सांगा."

"पहिल्यापासून म्हणा," सिडल म्हणाले, जरा थकल्यासारखे.

तिने नऊच्या नऊ पानं म्हटली. एकटीने. आल्टोच्या ओळीत तसं ऐकण्यासारखं काही नसतं. चाल वरच्यांकडे, गडगडाट पुरुषांकडे, आम्ही मधल्या भिंतीच्या विटा. पण त्या दिवशी ती भिंत एकटी उभी राहिलेली मी ऐकली. विश्रांतीच्या जागी ती गप्प राही, तेवढेच ठोके मोजून, आणि पुन्हा नेमक्या जागेवरून उचली. सात-आठ मिनिटं. माझ्या मांडीवरचं पुस्तक कधी मिटलं ते मला कळलं नाही. शेवटचा सूर तिने धरला आणि सिडलांनी त्याच्यावर पेटीचा सूर ठेवला.

दोन आवाज राहिलेच नाहीत.

त्यांनी पट्टी सोडली आणि पुन्हा दाबली. 

"मिसेस ऑर्मरॉड," ते म्हणाले, एकेक शब्द सुटा करत, "चढत कुणीच नव्हतं. ऐंशी जण उतरत होते. तुम्हाला ते ऐकू येत नव्हते, म्हणून तुम्ही त्यांच्याबरोबर गेला नाहीत."

मला वाटलं, ती फुशारकी मारेल. ती म्हणाली, "मग मी एकटीच वेगळी गातेय, ते वाईटच ना? गायनात बरोबर असून काय उपयोग, सगळे दुसरीकडे असतील तर?"

 पुढच्या तालमीला सिडलांनी तिला भिंतीपासून उठवून, माझ्यासकट, मधोमध बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, ऑर्गन थांबला की आपले कान मिसेस ऑर्मरॉडकडे.

"बहिरीच्या मागून आम्ही जायचं?" बर्था फणकारली.

झिलाने ते तिच्या ओठांवरून वाचलं. "जाऊ नकोस. पण गुड फ्रायडेला जुळलं नाही तर या बाकावरून मीच उठेन, आणि पुन्हा बसणार नाही. मग तुझंच राज्य."

ती बोलली की करायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीन तालमी झाल्या. पहिलीला जुळलं नाही. दुसरीला थोडक्यात हुकलं. तिसरीला ऑर्गनवाला आजारी, म्हणजे जुळलं की नाही ते कळलंच नाही.

गुड फ्रायडेला ऑर्गन थांबला. पहिलं पान, दुसरं. पाचव्या पानावर दर वर्षी पाय घसरतो. तिथे माझा गळा सवयीने खाली निघाला, ते मला जाणवलं, आणि उजवीकडे ती होती, हलत नव्हती. मी परत वर आले. माझ्या पलीकडची आली. मागच्या बाकावरचे पुरुषही आले. बर्थासुद्धा मान तिरपी करून या बाजूला कान देत होती. ऐंशी माणसं एका बाईच्या गळ्याखालच्या हाडाला धरून चालली होती आणि तिला त्यातलं एकही ऐकू येत नव्हतं. इतकी वर्षं मी गाते, पण त्या पानापर्यंत मला वाटायचं, आवाज आम्ही काढतो. त्या पानावर वाटलं, तो आधीपासून तिथे आहे आणि आम्ही फक्त त्यात उभे आहोत. 

नववं पान. ऑर्गन आला, पुस्तकात लिहिलंय तसा, आधी अगदी बारीक नळ्यांवर, हलका. कुठे सुरू झाला ते गाणाऱ्या मलाही कळलं नाही. आमच्याच आवाजाला आतून उजेड आल्यासारखं झालं. समोर कट्ट्यांवर, गॅलरीत, धक्क्यासाठी खांदे आवळून बसलेली माणसं तशीच बसून राहिली. मग त्यांचे खांदे हळूहळू सैल झाले. कुणी खोकलंदेखील नाही.

झिलाने कोपर माझ्या बरगडीत मारलं. आल्टोंना तिथे दोन ओळींची विश्रांती असते. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ओठांनी म्हणाली, "ऑर्गन कुठाय? चुकला का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या बारीक नळ्या तिच्या तळव्यांना कळत नाहीत. नऊ वर्षं तिने ऑर्गनचं येणं समोरच्या लोकांच्या कळवळण्यावरून ओळखलं होतं, आणि आज कुणाचा चेहराच वाकडा झाला नव्हता.

"आलाय," मी ओठांनी म्हटलं. "केव्हाच."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग समोर चारशे चेहऱ्यांकडे. सिडलांचा हात आमच्या बाकाकडे वळला. तिने श्वास भरून घेतला, माझ्यासाठीही पान उलटलं आणि आम्ही पुढचं गायलो.