टीचरांनी सुचवलेलं व्याख्यान

टीचर माणसाच्या चेहऱ्याकडे नीट बघायच्या आणि त्याने कोणतं व्याख्यान ऐकावं ते सांगून टाकायच्या. भाजी घेताना, चर्चच्या पायऱ्यांवर, रिक्षाच्या रांगेत, कुठेही. जानेवारीत त्यांच्या शाळेत दोन दिवसांची विज्ञान जत्रा भरायची, आणि दिवाळी संपली की टीचर गावभर लोकांना व्याख्यानं वाटत फिरायच्या. "महोत्सव म्हटलं की लोक नटून येतात आणि लवकर जातात," त्या म्हणायच्या, "जत्रा म्हटलं की पोरं घेऊन येतात." म्हणून जत्रा.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती पालकसभेत. आम्ही विरारजवळ चंदनसारला नव्या इमारतीत राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं. मुंबईत फोर्टातलं ऑफिस, येऊन-जाऊन प्रवास, घरी आल्यावर टँकरची वाट बघणं, यात मी पार विटून गेले होते. मुलीच्या अभ्यासाबद्दल विचारायला गेले, तर टीचर माझ्या तोंडाकडेच बघत राहिल्या. "शनिवारी संध्याकाळी गच्चीवर दुर्बीण लावणार आहेत. तुम्ही तिथे या. दमलेल्या माणसाने आकडे ऐकू नयेत, जरा मान वर करावी." मी गेले. शुक्र बघितला. तो चंद्रासारखा कलेकलेने दिसतो हे मला माहीतच नव्हतं. पुढच्या वर्षी मी खुर्च्या मांडायला होते, आणि तोवर टीचर मला 'अगं सुनीता' म्हणू लागल्या होत्या.

त्यांचा अंदाज बहुतेक बरोबर यायचा. तुळिंजला एक निवृत्त हेडक्लार्क होते, सापाचं नाव काढलं तरी पाय वर घेणारे. त्यांना टीचरांनी सापांच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसवलं. ते पुढे इमारतीत साप निघाला की काठ्या घेऊन धावणाऱ्यांना अडवायला लागले. पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्यावर जाऊन दंगा करणारी कॉलेजची पोरं होती. त्यांना वाहत्या पाण्याचा जोर दाखवणारं प्रात्यक्षिक बघायला लावलं. किती सुधारली माहीत नाही, पण शेवटपर्यंत बसली तरी.

वक्त्यांच्या बाबतीत मात्र टीचर कडक. आगाशीच्या वाटेवर वाडीत त्यांचं घर होतं. आठवडाभर आधी प्रत्येक वक्त्याने तिथे यायचं, खिडकीच्या उजेडात त्यांच्या समोर बसायचं आणि सगळं व्याख्यान आधी त्यांना सांगायचं. "मला समजलं तर हॉलला समजेल." एक प्राध्यापक रागावून निघाले होते. टीचरांनी त्यांना केळ्याचे काप खायला घालून परत बसवलं आणि म्हणाल्या, "सर, जरा सावकाश. आणि मिशांवरून हात फिरवू नका बोलताना."

हे सगळं वाचायला गमतीचं वाटतं. करताना दमायला व्हायचं. लोक तोंडावर हो म्हणत आणि येत नसत. "टीचर, एकच रविवार मिळतो हो," असं कोणी म्हटलं की त्या रागवायच्या नाहीत. "झोपा मग. उठलात तर दुपारचं आहे एक," म्हणायच्या आणि पुढच्या दाराशी जायच्या. मीच जिना उतरताना चिडायचे.

विरारच्या बाजारात अर्नाळ्याची हिराबाई मासळी घेऊन बसायची. तिच्याबरोबर तिची नात असायची, तीनेक वर्षांची, अजून बोलत नव्हती. त्या वर्षी कानाचे एक डॉक्टर बोलायला येणार होते. टीचरांनी नातीकडे बघितलं आणि हिराबाईला म्हणाल्या, "रविवारी दुपारी हिला घेऊन ये."

"मला काय कलनार त्यातलं, टीचर? आनि ही काय आजारी नाय. हट्टी हाय. आमच्याकडं सगली उशिराच बोलतात."

"तू ये तर. मी जागा धरून ठेवते."

ती आली. चांगलं लुगडं नेसून, नातीला काजळ घालून, मागच्या रांगेत बसली. हॉल अर्धा भरला होता. मूल ऐकतंय की नाही हे घरच्या घरी कसं ओळखायचं, हे सांगता सांगता डॉक्टर स्टीलची थाळी आणि पळी घेऊन मधल्या वाटेने मागे गेले आणि पाठीमागून त्यांनी ती जोरात वाजवली. सगळा हॉल दचकला. हिराबाईच्या मांडीवरची पोरगी तिच्या बांगड्यांशी खेळत होती, तशीच खेळत राहिली.

मी दारापाशी होते, म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसली. टीचर आमच्याकडे पाठ करून, उशिरा येणाऱ्यांची वाट बघत दारात उभ्या होत्या. त्याही वळल्या नाहीत.

व्याख्यान संपल्यावर डॉक्टर हिराबाईशी बाजूला जाऊन बोलले. मुंबईच्या इस्पितळात तपासणी करा, मशीन लागेल, उशीर करू नका, बोलायला शिकायचं वय निघून जातं. हिराबाईने ऐकून घेतलं आणि तरातरा टीचरांकडे आली. "एवढ्या मानसांत माज्या नातीला भैरी ठरवली तुमी! उद्या तिच्याशी लगीन कोन करनार?" पोरीला कडेवर घेऊन ती निघून गेली. त्यानंतर टीचर बाजारात दिसल्या की ती मान फिरवायची. नातीला काही मुंबईला नेलं नव्हतं.

त्या दिवशी सगळं आवरून झाल्यावर आम्ही दोघी पायरीवर बसलो. माझ्याकडे न बघताच टीचर म्हणाल्या, "तुला कळलं ना?"

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी. "कधीपासून?"

"डावा कान गेला त्याला बरीच वर्षं झाली. उजवा आता आता."

"आणि वर्गात?"

"पोरांना सांगते, उभं राहून, माझ्याकडे बघून, स्वच्छ उत्तर द्या. लोक म्हणतात टीचरांच्या वर्गाला शिस्त आहे." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "शाळेला कळलं तर वर्ग काढून घेतील. लिलीचं कॉलेज व्हायचंय अजून." नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. लिली, त्यांची मुलगी, सगळी त्यांच्या पगारावर शिकत होती. मी कोणाला काही बोलले नाही.

ईस्टर झाला आणि एका रविवारी टीचर माझ्या दारात उभ्या. कानात बटण, तिथून निघालेली वायर आणि पदरावर पिनेने अडकवलेली काड्यापेटीएवढी डबी. त्या वेळची मशीनं तशीच असायची, लपवता येत नसत. "अर्नाळ्याला येतेस? एकटीने जायचा धीर होत नाही."

एसटीने गेलो. हिराबाई काठीवर बोंबील वाळत घालत होती. आम्हाला बघून तिने पाठ फिरवली. टीचर वळसा घालून तिच्या समोर गेल्या.

"हिरा, हे बघ."

"काय हाय ते?"

"कानाचं मशीन. मला ऐकू येत नाही."

हिराबाईच्या हातातले बोंबील हातातच राहिले. "तुमाला? मंग शालेत कसं?"

"शाळेत उद्या कळेल. तुला आधी सांगायला आले. कान गेला तरी मी नाही का शिकवलं, घर चालवलं, लिलीला वाढवलं? मला म्हातारपणी लागलं, हिला आत्ता लागेल, एवढाच फरक."

हिराबाईने बोंबील काठीवर टाकले. घरातून दोन पेले आणले. "पानी घ्या. उन्हातनं आलात." आम्ही पाणी प्यायलो. नात टीचरांच्या मांडीवर चढून ती डबी ओढत होती, आणि टीचर तिला ओढू देत होत्या. शेवटी हिराबाई म्हणाली, "मुंबईला कदी जायचं?"

टीचरच तिला घेऊन गेल्या. एकदा नाही, पुष्कळदा.

शाळेत व्हायचं ते झालं. नव्या शालेय वर्षी टीचरांचे विज्ञानाचे वर्ग दुसऱ्या बाईंना दिले आणि टीचरांना ग्रंथालयात बसवलं. पगार राहिला, पण पोरं गेली. मी म्हटलं, आपण भांडू, पालकांच्या सह्या घेऊ. त्यांनी हात हलवला. "नको गं. मला समजावून सांगायचाही कंटाळा आलाय." त्या इतक्या थकलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. तरी दिवाळी संपल्यावर त्या परत लोकांच्या दाराशी जाऊ लागल्या. हिराबाईची नात उशिरा बोलायला लागली, अडखळत बोलायची, पण साध्या शाळेत गेली आणि शिकली. पुढे हिराबाई तक्रार करायची, की घरात आता ती कोणाला बोलूच देत नाही.

जत्रेचं बळ मात्र सरत गेलं. घरोघरी केबल आली, पोरांना रविवारचेही क्लास लागले, हॉल लग्नांना जाऊ लागला. दोन दिवसांची जत्रा एका दिवसावर आली, मग एका दुपारवर. लिली नोकरीला लागून पुण्याला गेली. टीचर निवृत्त झाल्या, तब्येतीने खचल्या आणि एका मे महिन्यात, थोड्याशा आजारपणानंतर गेल्या. वाडीतल्या घरापासून चर्चपर्यंत माणसं होती. जत्रेला इतकी कधीच आली नव्हती.

मला आठवते ती त्याच वर्षीच्या जानेवारीतली, जत्रेची शेवटची दुपार. एक तरुण संशोधक पक्ष्यांच्या स्थलांतरावर बोलत होता. ऐकायला मोजकीच माणसं. टीचर मधल्या रांगेत बसल्या होत्या. बघता बघता त्यांची मान कलली आणि त्यांना झोप लागली. बोलणाऱ्याच्या ते लक्षात आलं, त्याने आवाज खाली आणला. मी त्याला खूण केली, की चालू दे, मोठ्याने बोल. टीचरांनी मशीन काढून मुठीत धरलं होतं.

व्याख्यान संपलं, माणसं गेली. मी आणि शाळेचा शिपाई खुर्च्या आवरायला लागलो. टीचरांची खुर्ची सोडून सगळ्या उचलल्या, एकावर एक रचल्या. त्यांना काही ऐकू येणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी एकही खुर्ची आम्ही फरशीवरून ओढली नाही.